अँटोनिनियानस

इ. स. तिसऱ्या शतकातील रोमन साम्राज्याचे चांदीचे नाणे. सम्राट कॅराकॅला याने ते २१५ मध्ये प्रथम पाडले. त्याच्या अधिकृत नावातील ‘अँटोनायनस’वरून आधुनिक अभ्यासकांनी नाण्याला हे नाव दिले. जुन्या दिनारियस या चांदीच्या नाण्यापासून ते लगेच वेगळे ओळखू येते : सम्राटाच्या डोक्यावर सूर्यकिरणांचा मुकुट, तर सम्राज्ञीच्या खांद्यांखाली चंद्रकोर. बहुतेक नाणेतज्ज्ञांच्या मते त्याचे दर्शनी मूल्य दोन दिनारियस होते. चांदी मात्र जेमतेम दीड दिनारियसची. पुढच्या घसरणीचे बीज या फरकातच होते.

२३५ ते २८४ या काळात वीसहून अधिक सम्राट गादीवर आले आणि त्यांतले बहुतेक मारले गेले. प्रत्येकाला सैन्याचा पगार भागवायचा होता आणि चांदी अपुरी होती. मध्यंतरी बंद पडलेले हे नाणे २३८ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि काही वर्षांतच त्याने दिनारियसला चलनातून हटवले. सम्राट डिशियसच्या काळात तर जुन्या दिनारियसांवरच नवा छाप मारून त्यांचे अँटोनिनियानस केले गेले.

२६० मध्ये सम्राट व्हॅलेरियन इराणच्या ससानी राजाच्या कैदेत पडला आणि नाण्याचा कस कोसळला. प्रारंभी सुमारे निम्मी चांदी असलेले नाणे त्याचा मुलगा सम्राट गॅलिएनस याच्या कारकिर्दीअखेरीस पाच टक्क्यांच्याही खाली गेले. तांब्याच्या चकतीवर चांदीचा पातळ मुलामा, तोही हाताळताच झिजणारा. २६० मध्येच इजिप्तमधील ऑक्सिऱ्हिंकस येथे सराफ पेढ्या बंद करून बसले. सम्राटांचे नाणे स्वीकारा, असा हुकूम अधिकाऱ्याला काढावा लागला. तो पपायरस (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरचा लेख) आजही उपलब्ध आहे. लोकांचा विश्वास उडाल्याचा याहून बोलका पुरावा क्वचितच मिळेल.

गॅलिएनसच्या शेवटच्या नाण्यांवर हरिण, ग्रिफिन (गरुडमुखी सिंह), सेंटॉर (अर्धा माणूस, अर्धा घोडा) असे प्राणी दिसतात. डायना, अपोलो आदी देवतांना केलेले ते रक्षणाचे साकडे होते. धातू हिणकस, पण आर्जव खरे. म्हणूनच ही नाणी मनाला भिडतात.

२७४ च्या सुमारास सम्राट ऑरेलियनने नाणे सुधारले आणि त्यावर ‘२१’ या अर्थाचे रोमन अंक घातले. वीस भाग तांबे, एक भाग चांदी, असा त्याचा अर्थ सहसा लावतात. खरी चांदी परतली ती सम्राट डायोक्लेशनच्या आर्जेंटियस या नव्या नाण्यात, २९४ च्या सुमारास. इंग्लंडमधील फ्रूमजवळ २०१० मध्ये एकाच रांजणात मुख्यतः तिसऱ्या शतकातील ५२,००० हून अधिक नाणी सापडली. त्यांचे वजन सुमारे १६० किलो होते.