नडगीवरची पांढरी रेघ

थंडी पडली की आमची कन्या अभ्यासाला बसते आणि पाच मिनिटांत पायजमा गुडघ्यापर्यंत वर जातो. मग नडगीवर नखाने लेखन सुरू. आधी स्वतःचं नाव, मग मैत्रिणीचं, मग फुली-गोळा. कोरड्या कातडीवर पाटीवर लिहावं तशी पांढरी अक्षरं उमटतात. परवा तिने थुंकी लावून सगळं पुसलं आणि विचारलं, "बाबा, पांढरं गेलं कुठे?" मी तोंड उघडायच्या आत आतल्या खोलीतून उत्तर आलं, "अंगातलं तेल संपलंय तुझ्या. तेल चोळ."

प्रश्न उत्तम होता. उत्तर अर्धं बरोबर होतं, आणि उरलेली अर्धी चूक इतकी घरोघरची आहे की त्यावर लिहिल्याशिवाय राहवेना.

आधी पांढऱ्या रेघेचं बघू. नखाने त्वचेत कुठला रंग भरला जात नाही. कोरड्या मृत पेशींच्या कडा उचलल्या जातात आणि त्यांच्या फटींत हवा शिरते. पेशीतलं केराटिन हे प्रथिन आणि हवा यांचे अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याची ताकद, फार वेगळे आहेत, साधारण १.५५ आणि १. त्यामुळे प्रत्येक फटीपाशी प्रकाश वाकतो, उलटतो, विखुरतो, आणि विखुरलेला प्रकाश डोळ्याला पांढरा दिसतो. साबणाचा फेस किंवा काचेचा चुरा पांढरा दिसतो तो याच कारणाने. बोट ओलं करून फिरवलं की फटींत हवेऐवजी पाणी बसतं. पाण्याचा अपवर्तनांक १.३३. तफावत कमी झाली, प्रकाश सरळ आत गेला, पांढरं गायब. तेलाचा १.४७ च्या आसपास, म्हणजे ते आणखी पटाईत. तेल लावताक्षणी त्वचा 'सुधारते' त्यात मोठा वाटा या दृष्टिभ्रमाचा असतो. पांढरेपणा जाणं वेगळं आणि कोरडेपणा जाणं वेगळं.

मग कोरडेपणा कशाने जातो? १९५२ साली आयर्विन ब्लँक या अमेरिकी संशोधकाने याचा छडा लावला. त्याने घट्ट्याचे तुकडे घेतले आणि पार वाळवले. ते कडक, ठिसूळ झाले. हे वाळके तुकडे तेलात आणि पेट्रोलियम जेलीसारख्या पदार्थांत ठेवले, तरी ते कडकच राहिले. पाणी मिळालं तेव्हा मात्र ते मऊ पडले आणि न तुटता वाकू लागले. त्वचेच्या बाहेरच्या थरात साधारण १० टक्क्यांपेक्षा कमी पाणी उरलं की तो ठिसूळ होतो, हा त्याचा निष्कर्ष. त्वचा मऊ ठेवतं ते पाणी. तेल हा फक्त राखणदार, पाण्याला बाहेर पडू न देणारा. आत पाणीच नसेल तर राखणदार राखणार काय?

हा बाहेरचा थर म्हणजे शृंगस्तर. तळहात-तळपाय सोडले तर त्याची जाडी १० ते २० मायक्रोमीटर, साध्या कागदाच्या फार तर पाचवा हिस्सा. एवढ्यात चपट्या, मेलेल्या पेशींचे पंधरा-वीस थर रचलेले असतात. पीटर इलायस या त्वचारोगतज्ज्ञाने त्याला विटांच्या भिंतीची उपमा दिली आणि ती आजही टिकून आहे. पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामधलं सिमेंट म्हणजे स्निग्ध पदार्थ. त्यात वजनाने निम्म्याच्या आसपास सिरॅमाइड, साधारण पाव हिस्सा कोलेस्टेरॉल, शिवाय मेदाम्लं. कोलेस्टेरॉल म्हटलं की आपण दचकतो, पण इथे ते नसेल तर भिंत गळेल.

आता माझा आवडता भाग. जरा लांबेल, पण ऐका.

या विटा नुसत्या सिमेंटवर उभ्या नसतात. प्रथिनांच्या बारीक टाक्यांनी त्या एकमेकींना शिवलेल्याही असतात. खालून नवी पेशी वर येते, दोनेक आठवडे शृंगस्तरात काढते आणि शेवटी झडते. झडण्यासाठी टाके उसवावे लागतात आणि ते काम करतात कॅलिक्राइन नावाची विकरं, म्हणजे एन्झाइम. या चिमुकल्या कात्र्या भिंतीतच पेरलेल्या असतात. सगळं ठीक असेल तर पेशी एकेक करून सुटते, इतकी बारीक की दिसतही नाही. निरोगी त्वचा रोज झडत असते, फक्त गाजावाजा करत नाही.

पण या कात्र्या पाण्याशिवाय चालत नाहीत. थर वाळला की त्या जागच्या जागी अडकतात. टाके उसवले जात नाहीत, खालून नवा माल मात्र येतच राहतो. वरचे थर एकमेकांना धरून साचत जातात, ताण वाढतो, आणि शेकडो पेशींचा गठ्ठा एकदम उलतो. तो गठ्ठा म्हणजे आपल्याला दिसणारा पापुद्रा. थोडक्यात, कोरडी त्वचा जास्त झडते म्हणून कोंडा पडत नाही. ती वेळच्या वेळी झडत नाही म्हणून पडतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी नडगीकडे आदराने पाहिलं होतं. खरखरीत घासणीने पापुद्रे काढणाऱ्यांनी तर हे जरूर लक्षात घ्यावं: तुम्ही उसवत नाही, फाडता. सोबत खालच्या विटाही निघतात.

विटेच्या आत पाणी धरून कोण ठेवतं? फिलॅग्रिन नावाचं प्रथिन. पेशी वर सरकताना त्याचे तुकडे तुकडे होतात, त्यातून अमिनो आम्लं आणि त्यांचे भाऊबंद तयार होतात, आणि ते पाण्याला चिकटून बसतात. गंमत अशी की तुकडे कधी करायचे हे भोवतालची आर्द्रता ठरवते. १९८६ साली छापलेल्या एका प्रयोगात उंदरांची नवजात पिल्लं पूर्ण दमट हवेत ठेवली, तर फिलॅग्रिन फुटलंच नाही. हवा थोडी कोरडी झाली की ते फुटू लागतं. पण थर फारच वाळला तर तोडणारी विकरंच थंडावतात, म्हणजे पाणी धरणारी द्रव्यं सर्वाधिक गरजेच्या वेळीच कमी बनतात. २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या आयर्विन मॅक्लीन यांच्या गटाने दाखवून दिलं की काहींच्या फिलॅग्रिनच्या जनुकातच खोट असते आणि त्यांना कोरड्या त्वचेचा आणि एक्झिमाचा, म्हणजे इसबाचा, धोका जास्त असतो. एकाच घरात, एकाच साबणाने आंघोळ करणाऱ्या भावंडांपैकी एकाचंच अंग दर हिवाळ्यात का फुटतं, याचं एक उत्तर इथे आहे.

आता थंडीचा दोष किती, ते आकड्यांत पाहू. १० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ९.४ ग्रॅम बाष्प मावतं. समजा बाहेर आर्द्रता ८० टक्के आहे, म्हणजे ७.५ ग्रॅम. ऐकायला दमट वाटतं. हीच हवा अंगाला लागून त्वचेइतकी, म्हणजे ३२ अंशांपर्यंत तापली की तिच्यात ३४ ग्रॅम मावू शकतं. ७.५ भागिले ३४, म्हणजे जेमतेम २२ टक्के. तुमच्या कातडीच्या दृष्टीने ही वाळवंटी हवा आहे. हीटर हवेतलं पाणी 'खातो' असं म्हणतात. तो एक थेंबही खात नाही, फक्त हवेचं भांडं मोठं करतो. आतलं पाणी तेवढंच, म्हणून ते तळाशी गेल्यासारखं दिसतं. निरोगी मोठ्या माणसाच्या त्वचेतून घाम न येताही दिवसाला ३०० ते ४०० मिलिलिटर पाणी उडतं. भिंतीला भेगा असतील तर आणखी.

त्यात आपण कढत पाण्याने न्हातो. सुख मिळतं, नाकारत नाही. पण गरम पाणी आणि साबण मिळून सिमेंट पळवतात, आणि पाणी धरणारी ती द्रव्यं पाण्यात विरघळणारी असल्याने तीही वाहून जातात. शिवाय त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, पीएच ५ च्या आसपास, तर वडीच्या साबणाचा ९ ते १०. सिरॅमाइड तयार करणाऱ्या विकरांना आम्लच मानवतं. म्हणून पाणी कोमट, आंघोळ पाच-दहा मिनिटांची, साबण काखा, जांघा आणि पावलं यांपुरता. नडगीला तर साबण लावूच नये. तिथे तेलग्रंथी मुळातच कमी, सगळ्यात आधी तीच पांढरी पडते. मग अंग टॉवेलने टिपायचं, खसाखसा पुसायचं नाही, आणि ओलसर असतानाच क्रीम लावायचं. ब्लँकचा घट्टा आठवा: आधी पाणी, मग राखणदार.

राखणदार कोणता? पाणी अडवण्यात साधी पेट्रोलियम जेली अजूनही सगळ्यांच्या पुढे आहे, कितीही चिकट आणि अनाकर्षक असली तरी. ग्लिसरीन पाणी ओढून धरतं. युरियाही तेच करतं आणि वर साचलेले थर सैल करतं, पण भेगांवर चरचरतं. लहान मुलांना ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सगळीच तेलं सारखी नसतात. ऑलिव्ह तेल काही आठवडे लावल्यावर त्वचेची भिंत कमकुवत झाल्याचं २०१३ च्या एका अभ्यासात दिसलं; सूर्यफुलाच्या तेलाने तसं झालं नाही. ऑलिव्हमधलं ओलेइक आम्ल सिमेंटची रचना विस्कटतं. मात्रेचा अंदाज हवा असेल तर मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकाच्या पेरावर ट्यूबमधून पिळलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. बहुतेक लोक याच्या निम्मंही लावत नाहीत.

बाटलीवर 'त्वचेला खोलवर पोषण' असं लिहिलेलं असतं, त्याचं मला फार हसू येतं. शृंगस्तर मेलेला आहे. तो जेवत नाही. कोलॅजेनचं क्रीम तर त्याहून थोर: कोलॅजेनचा रेणू सुमारे ३ लाख डाल्टनचा (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक), आणि ही भिंत साधारण ५०० डाल्टनच्या पुढच्या रेणूंना दारातच उभं करते. तळहात खाजला की पैसा येणार, हे त्याच वर्गातलं. तळहाताला एकही तेलग्रंथी नसते, थंडीत तो खाजणारच. खर्च मात्र क्रीमवर नक्की होतो.

खाजेबद्दल थोडंसं. तिचा संदेश सावकाश चालणाऱ्या मज्जातंतूंवरून जातो, सेकंदाला जेमतेम मीटरभर. खाजवल्याने होणारी बारीक वेदना मज्जारज्जूतच तो संदेश दाबते, म्हणून बरं वाटतं; पण नखांनी आणखी विटा उखडतात आणि खाज परत येते. थंड ओलं फडकं ठेवलं तर विटा न उखडता तेच साधतं. कोरडेपणाच्या खाजेत हिस्टामिनचा हात फारसा नसतो, म्हणून ॲलर्जीच्या गोळीने बहुधा झोपच तेवढी येते. पांघरुणात ऊब वाढली की खाज वाढते, तेव्हा झोपण्यापूर्वी क्रीमचा एक हात फिरवलेला बरा. आजी-आजोबांना दोन्ही वेळा लावावं. वयाबरोबर तेल आणि सिमेंट दोन्ही आटतात. क्रीम मुरलेले कपडे आणि चादरी चटकन पेट घेतात, त्यामुळे शेकोटीजवळ बसताना जपून. बाळाला रोज क्रीम लावलं तर पुढे एक्झिमा होणारच नाही, अशी आशा मात्र धरू नका: ब्रिटनमध्ये १,३०० हून अधिक नवजात बाळांवर वर्षभर हा प्रयोग झाला, २०२० मध्ये निकाल आला, आणि फरक पडला नाही. बाळाची त्वचा कोरडी असेल तर जरूर लावा, विमा म्हणून नको.

आणि एक अपवाद. घरातल्या दोघातिघांना एकाच सुमारास खाज सुटली, रात्री ती असह्य होत असेल, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेशी बारीक पुळ्या असतील, तर थंडीला बोल लावत बसू नका. ती खरूज असू शकते. ती ज्या किड्यामुळे होते त्याची मादी अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, आणि बिळं खणते ती नेमकी याच शृंगस्तरात. मॉइश्चरायझरने ती मरत नाही. फार तर तिचं घर मऊ होतं. डॉक्टर औषध देतील ते घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं, ज्याला अजून खाजत नाही त्यानेही. कारण पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर तो माणूस मला काही झालेलं नाही म्हणत सगळ्यांच्या पांघरुणात झोपत असतो.