कन्नड घाटातलं वळण आणि बोटभर कंडेन्सर

चाळीसगावहून कन्नडकडे निघालं की घाटात अर्ध्याच्या वर एक वळण लागतं. कठड्याला लागून शेंदूर फासलेला दगड, त्याच्यापुढे फुटलेल्या नारळांच्या करवंट्या. मागच्या मे महिन्यात दुपारी अडीचच्या सुमारास माझी जावा मोटरसायकल नेमकी तिथे मिस मारू लागली. दोन आचके दिले आणि बंद पडली. पंधरा-वीस किका मारून झाल्या, शर्ट पाठीला चिकटला, गाडी ढिम्म. सावलीला शेळ्या घेऊन बसलेले एक आजोबा म्हणाले, "भाऊ, आठे समदासन्या गाड्या बंद पडतस. नारय फोडी ले."

माझ्याकडे नारळ नव्हता. आजोबांच्या शेजारी बसलो, त्यांच्या कळशीतलं पाणी प्यायलो, पावसापाण्याच्या आणि कापसाच्या भावाच्या गप्पा झाल्या. अर्ध्या-पाऊण तासाने उठून किक मारली, तर पहिल्याच किकेला गाडी सुरू! आजोबा हसून दगडाला हात जोडते झाले.

त्या अर्ध्या-पाऊण तासात काय झालं, हे मला कळून घ्यायचंच होतं. कारण ही गोष्ट माझ्या एकट्याची नाही. जावा, येझदी, राजदूत, जुनी बुलेट चालवणाऱ्या खान्देशातल्या कुणालाही विचारा. थंडीत सोन्यासारखी चालणारी गाडी वैशाखात रुसते आणि गार झाली की आपोआप बरी होते. यावर गॅरेजमधलं ठरलेलं उत्तर म्हणजे "पेट्रोलची वाफ झाली, गॅस धरला." मग टाकीवर ओलं फडकं टाकायचं, कार्ब्युरेटरवर पाणी मारायचं. पण या गाड्यांना पेट्रोलचा पंपच नसतो. टाकी वर, कार्ब्युरेटर खाली, पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं. नळीत वाफेचा बुडबुडा झालाच तर तो वर टाकीत निघून जातो. असं कधीच होत नाही असं मी म्हणत नाही, पण दहातल्या बहुतेक वेळा चोर दुसराच असतो. ओळखायची खूण सोपी आहे: प्लग काढून बघा. तो पेट्रोलने ओला असेल, तर पेट्रोल पोचतंय, पेटत मात्र नाही. त्या दिवशी माझा प्लग ओला होता.

माझी गाडी वडिलांची, म्हैसूरची २५० सीसी जावा. १९६१ साली सुरू झालेला तो कारखाना १९९६ ला बंद पडला, पण गाड्या अजून रस्त्यावर आहेत. किकचाच दांडा पुढे फिरवला की त्याचा गिअर होतो, हे ज्याने लहानपणी पाहिलंय तो विसरत नाही. या गाडीत कुठे चिप नाही, सीडीआय (ठिणगी पाडणारी इलेक्ट्रॉनिक डबी) नाही. १९८५ ला आलेल्या यामाहा आरएक्स १०० ला सीडीआय होतं, म्हणून त्यानंतरच्या पिढीला पॉइंट हा शब्दच नवा वाटतो. जावात ठिणगी पडते ती पॉइंट (उघडझाप करून प्रवाह जोडणारा-तोडणारा संपर्क), कॉइल (लोखंडावरच्या तारेच्या गुंडाळ्या) आणि कंडेन्सर (क्षणभर वीज साठवणारी डबी) या तिघांच्या जोरावर. ही रचना अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास मोटारींसाठी बसवली आणि पुढे पाऊणशे वर्षं जगभरची वाहनं तिच्यावर चालली.

आता माझ्या लाडक्या भागाकडे येतो. बॅटरी सहा व्होल्टची. प्लगच्या फटीत ठिणगी पाडायला लागतात दहा-पंधरा हजार व्होल्ट. मधली उडी कशी मारली जाते?

केळीच्या बागेला पाणी देणाऱ्याला हे लगेच समजेल. विहिरीपासून बागेपर्यंत लांबलचक पाइपलाइन आहे, पाणी जोरात चाललंय आणि कुणीतरी टोकाचा व्हॉल्व्ह एकदम बंद केला. काय होतं? पाइप धाडकन हादरतो, कधी जोडच सुटतो. मोटरने दिलेल्या दाबापेक्षा कितीतरी जास्त दाब त्या क्षणी तयार होतो, कारण धावत्या पाण्याला एकदम थांबायचं नसतं. कॉइलमधल्या विजेचा स्वभाव अगदी असाच. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा कॉइलच्या पहिल्या, जाड तारेच्या गुंडाळीतून चारेक अँपिअर प्रवाह वाहतो आणि मधल्या लोखंडात चुंबकत्व साठतं. मग कॅम (इंजिनाबरोबर फिरणारा, पॉइंट उचलणारा उंचवटा) फिरतो, पॉइंट उघडतात, प्रवाह तुटतो. चुंबकत्व कोसळतं, आणि ते जितक्या झपाट्याने कोसळेल तितका जास्त व्होल्टेज तयार होतो. फॅरडेचा हा नियम आपण शाळेत शिकलो आहोत. जाड तारेच्या काही शे वेढ्यांत अडीचशे-तीनशे व्होल्ट उठतात आणि त्याच लोखंडावरच्या बारीक तारेच्या पंधरा-वीस हजार वेढ्यांत त्याच्या साठ-सत्तर पट. ही झाली आपली ठिणगी. टू-स्ट्रोक इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर हे सगळं सेकंदाला पन्नास वेळा घडतं.

पण इथे एक अडचण आहे. पॉइंट उघडायला सुरुवात होते तेव्हा त्यांच्यातली फट जवळजवळ शून्य असते. थांबायला नकार देणारा प्रवाह तेवढ्याशा फटीतून उडी मारतो. म्हणजे ठिणगी प्लगमध्ये पडायची ती पॉइंटमध्येच पडते. पॉइंट जळतात, प्रवाह झटकन तुटायच्या ऐवजी रेंगाळत तुटतो, चुंबकत्व हळू उतरतं आणि प्लगला काहीच मिळत नाही.

यावर १८५३ साली उपाय सुचवला इपोलित फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाने. प्रकाशाचा वेग जमिनीवर मोजून दाखवणारा तोच हा फिझो. त्या वेळी मोटरसायकली नव्हत्या, तो प्रयोगशाळेतल्या कॉइलसाठी झटत होता. त्याने सांगितलं, तुटणाऱ्या संपर्काला समांतर एक कंडेन्सर जोडा. व्हॉल्व्हच्या शेजारी पाइपला एक रबरी फुगा बसवला आहे असं समजा. व्हॉल्व्ह बंद होताच पाणी आधी फुग्यात शिरतं, दाब एकदम न चढता चढत जातो, तोवर व्हॉल्व्ह नीट मिटतो. आणि फुगलेला फुगा मग पाण्याला उलटं ढकलतो. कंडेन्सरही ही दोन्ही कामं करतो. आधी प्रवाहाला जागा देतो आणि लगेच त्याला मागे रेटून चुंबकत्व आणखी झपाट्याने कोसळवतो.

किती वेळ मिळतो, याचा हिशोब मी वहीत करून पाहिला. कंडेन्सर साधारण पाव मायक्रोफॅरडचा (हे वीज साठवायच्या क्षमतेचं माप), प्रवाह चार अँपिअर. चारला पाव मायक्रोफॅरडने भागलं की व्होल्टेज चढायचा वेग येतो: दर मायक्रोसेकंदाला १६ व्होल्ट. तीनशे व्होल्ट गाठायला वीसेक मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात पॉइंट किती उघडतात? फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) आपण लावतो ती पूर्ण फट ०.४ मिलिमीटर. तीन हजार फेऱ्यांना ती पूर्ण उघडायला तीनेक मिलिसेकंद धरले, तर वीस मायक्रोसेकंदांत जेमतेम दोन-तीन मायक्रॉन. केसाच्या जाडीचा पंचविसावा-तिसावा भाग! इतक्याशा फटीवर ते तगतं कसं? तर १८८९ मध्ये फ्रीड्रिख पाशेन यांनी दाखवून दिलं होतं की साध्या हवेत सुमारे ३३० व्होल्टच्या खाली ठिणगी पडत नाही, फट कितीही असो. आपला पहिल्या गुंडाळीतला व्होल्टेज बरोबर त्या रेषेच्या अलीकडे ठेवलेला असतो. मायक्रॉनच्या फटींत धातूचे बाष्प वगैरे आणखी भानगडी असतात, म्हणून बारीकशी पिवळसर ठिणगी पॉइंटवर दिसतेच. पण मोठी निळी-पांढरी ज्योत दिसायला नको. हा हिशोब जुळला त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

आता कंडेन्सरच्या पोटात जाऊ. अ‍ॅल्युमिनियमच्या वर्खाच्या दोन पट्ट्या, मध्ये मेण किंवा तेल पाजलेला कागद, सगळं गुंडाळून बोटाच्या पेरापेक्षा थोड्या मोठ्या डबीत बंद केलेलं. एक पट्टी डबीला, दुसरी तारेला. म्हणजे सगळी भिस्त त्या कागदावर. कागदाचा विद्युतरोध तापमानाबरोबर झपाट्याने उतरतो, दर दहा अंशांना साधारण निम्मा. आमच्याकडे डिसेंबरच्या दुपारपेक्षा मेची दुपार सहज वीसेक अंशांनी जास्त. पारा ४४-४५ वर जाणं इथे नवीन नाही. इंजिनाची उष्णता दोन्ही वेळा तेवढीच धरली तरी त्याच कंडेन्सरमधून चौपट गळती.

इथे घाई करायला नको. गळती चौपट झाली म्हणून गाडी बंद पडत नाही. चार अँपिअरपुढे एखाद-दुसरा मिलिअँपिअर म्हणजे काहीच नाही. खरा घात वेगळा आहे. कागदात एखादी जागा जुनाट, पातळ किंवा ओलावा धरलेली असते. गळती तिथून जास्त होते. गळतीने ती जागा तापते, तापल्याने रोध आणखी उतरतो, त्याने गळती आणखी वाढते. एका मर्यादेपर्यंत उष्णता आजूबाजूला निघून जाते आणि सगळं सावरलं जातं. ती मर्यादा ओलांडली की चक्र सुटतं आणि दोन-अडीचशे व्होल्ट चढले की कागद त्या जागी हात टेकतो. फुग्याला भोक पडलं. गार झालं की मेण घट्ट होतं, भोक तात्पुरतं बुजतं. दुसराही प्रकार असतो: डबीतला जोड तापून प्रसरण पावतो आणि तारेचा संपर्कच सुटतो. दोन्हींचा परिणाम सारखाच.

कॉइलही यात थोडा हातभार लावते. तांब्याचं तापमान पन्नास अंशांनी वाढलं की रोध वीसेक टक्क्यांनी वाढतो, प्रवाह तेवढ्या प्रमाणात घटतो, आणि साठलेली ऊर्जा प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असल्याने जवळपास तीस टक्क्यांनी कमी होते. मरतुकड्या कंडेन्सरला एवढा धक्का पुरतो.

मग वळणावरच का? जावाचे पॉइंट आणि कंडेन्सर इंजिनाच्या उजव्या बाजूला, डायनॅमोच्या कव्हरखाली कोंडलेले असतात. खालून सेकंड गिअरवर चढत आलेली गाडी, इंजिनावर पूर्ण भार, वेग कमी म्हणून वारा कमी. पायथ्यापासून जितका वेळ तापायला लागतो, तो बहुतेक जुन्या गाड्यांचा त्याच टप्प्यात संपतो. आणि बंद पडल्यावर लगेच किका मारून उपयोग नसतो, कारण वारा थांबलेला असतो आणि सिलेंडरची धग क्रँककेसमध्ये उतरत असते. म्हणजे पहिली काही मिनिटं कंडेन्सर गार व्हायच्या ऐवजी आणखी तापतो. अर्धा तास गेला की तापमान उतरायला लागतं. नारळ आणायला खाली जाऊन परत येणं, फोडणं, प्रसाद वाटणं यालाही अर्धा तासच लागतो. दगडाने गाडी थांबवली नाही आणि दगडाने ती सुरूही केली नाही. याच डोंगररांगेत पाटणादेवीला, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याचा शके ११२८ चा शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. सव्वाआठशे वर्षांपूर्वी ज्या भागात गणिताची पाठशाळा होती, तिथे आपण गाडी बंद पडल्यावर आधी प्लग काढावा, असं मला मनापासून वाटतं. आणि पेट्रोलच्या नळीला चुंबक बांधून मायलेज वाढवून देतो म्हणणाऱ्यांचंही तेच. पेट्रोल चुंबकाला दाद देत नाही. नळीला चुंबक बांधा नाहीतर लिंबू-मिरची, इंजिनाला दोन्ही सारखंच.

घरी आल्यावर कंडेन्सर काढला. साध्या मल्टिमीटरवर तो ठणठणीत दिसला, कारण मल्टिमीटर थोडेच व्होल्ट लावतो. गावात पाणबुडी मोटरी रिवाइंड करणारा माझा मित्र आहे, त्याच्याकडे मेगर (जास्त व्होल्ट लावून विद्युतरोध मोजणारं यंत्र) असतो, पाचशे व्होल्टचा. गार कंडेन्सरला लावला तर काटा अनंताच्या खुणेला टेकला. मग कंडेन्सर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून चहाच्या पातेल्यातल्या गरम पाण्यात दहा मिनिटं धरला आणि पुन्हा मेगर फिरवला. काटा वर गेला, क्षणभर थरथरला आणि शून्याकडे कोसळला. मित्राने हातातलं पकड-पान्हं खाली ठेवून तीनदा तीच चाचणी केली. (मेगर लावलेल्या कंडेन्सरची दोन टोकं आधी तारेने जोडा, मगच हात लावा. चांगला कंडेन्सर तो झटका बराच वेळ सांभाळून ठेवतो.)

एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. प्लग बाहेर काढून हेडला टेकवून किक मारली आणि ठिणगी दिसली, म्हणजे सगळं ठीक असं नाही. सिलेंडरमध्ये दाबलेल्या हवेतून उडी मारायला उघड्या हवेपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज लागतो. अशक्त कंडेन्सर बाहेर पास होतो आणि आत नापास.

नवा कंडेन्सर बाजारातून आणला, तो महिनाभरात तसाच वागू लागला. म्हणून मग इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून पॉलिप्रॉपिलीनच्या फिल्मचा, ०.२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्ट, १०५ अंशांपर्यंत चालणारा, विजेचे जोरदार झटके सोसणारा कपॅसिटर (कंडेन्सरचंच दुसरं नाव) घेतला. त्यात कागद नाही, मेण नाही. आणि तो कव्हरखाली न कोंबता तार लांबवून टाकीखाली, कॉइलच्या शेजारी बसवला. त्याचं एक टोक गाडीच्या लोखंडी सांगाड्याला रंग खरवडून घट्ट जोडलं. अंधार पडल्यावर कव्हर उघडं ठेवून गाडी सुरू केली आणि पॉइंटकडे पाहत बसलो. बारीक, पिवळसर टिंब, लागतंय न लागतंय इतकं.

जुना कंडेन्सर मी ओट्यावर बसून फोडला. हातमोजे घालून, कारण जुन्या कंडेन्सरमधलं तेल अंगाला लागणं चांगलं नाही. पट्टी उलगडत गेलो तर सात-आठ फूट निघाली. कागद बहुतेक ठिकाणी मधासारख्या रंगाचा होता. शेवटच्या दोन वेढ्यांत मात्र एक काळा डाग होता, मोहरीएवढा, आणि त्याच्या मधोमध सुईच्या टोकाने पाडावं तसं भोक.