खासगी छिद्रण (टपाल तिकिटे)

टपालखात्याने छिद्रे पाडण्याची पद्धत स्वीकारण्यापूर्वी खासगी व्यक्तींनी किंवा दुकानदारांनी तिकिटांच्या शीटवर केलेले छिद्रण, म्हणजे तिकिटे सहज फाडून वेगळी करता यावीत म्हणून त्यांच्यामध्ये पाडलेल्या छिद्रांच्या ओळी. १८४० च्या पेनी ब्लॅक या ब्रिटनच्या पहिल्या टपाल तिकिटाच्या शीटमध्ये २४० तिकिटे असत आणि ती कात्रीने कापून वेगळी करावी लागत. भारताची १८५४ ची तिकिटेही अशीच बिनछिद्री होती.

यावरचा पहिला उपाय हेन्री आर्चर या आयरिश गृहस्थाने १८४७ मध्ये ब्रिटिश टपालखात्यापुढे मांडला. वेल्समधील फेस्टिनिऑग रेल्वेच्या उभारणीतही त्याचा वाटा होता. त्याचे पहिले यंत्र पात्यांनी कागदाला बारीक चिरा पाडत असे. ते टिकले नाही, म्हणून तो सुयांनी गोल छिद्रे पाडणाऱ्या यंत्राकडे वळला. अडचण कागदाचीही होती. तिकिटे ओलसर कागदावर छापली जात आणि वाळताना प्रत्येक शीट कमीजास्त आकसे. त्यामुळे सुयांची ओळ दोन तिकिटांमधल्या अरुंद फटीत नेमकी बसवणे अवघड होते. १८५० च्या सुमारास पेनी रेड या एक पेनीच्या लाल तिकिटाच्या काही शीटवर त्याने छिद्रण केले. सरकारने १८५३ मध्ये त्याचे हक्क ४,००० पौंडांना घेतले आणि १८५४ च्या आरंभी छिद्रित तिकिटे अधिकृतपणे विक्रीस आली.

छिद्रांचे माप दोन सेंटिमीटरमधील छिद्रांच्या संख्येने सांगतात. आर्चरचे माप १६, आणि पहिल्या अधिकृत तिकिटांचेही १६. म्हणजे तिकिटाच्या कडेचे नुसते दाते मोजून काहीच ठरत नाही. आर्चरची तिकिटे ९० ते १०१ क्रमांकांच्या छपाईप्लेटवरची असतात. त्यामुळे तिकिटाच्या कोपऱ्यांतील अक्षरे व बारीक खुणा पाहून प्लेट ओळखणे हाच खरा पुरावा. हे काम चिकाटीचे आहे, पण तिकीटसंग्रहाच्या या शाखेची खरी गोडी त्यातच आहे.

फ्रान्समध्ये अधिकृत छिद्रण १८६२ मध्ये आले. त्याआधी, १८६१ मध्ये, पॅरिसच्या शेअरबाजार चौकातील स्यूस बंधूंच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी छिद्रे पाडलेली तिकिटे विकली जात. माप ७, म्हणजे छिद्रे मोठी आणि विरळ. नवख्यालाही ती लगेच ओळखू येतात. अमेरिकेत शिकागोच्या एलायजा हॅडली या दंतवैद्याच्या यंत्रावर १८५६ मध्ये एक आणि तीन सेंटच्या तिकिटांना साडेबारा मापाची छिद्रे पाडली गेली.

कोणत्याही बिनछिद्री तिकिटाला मागाहून छिद्रे पाडता येतात, त्यामुळे या प्रकारात बनावट माल फार. सुटे तिकीट कितीही देखणे असले तरी त्यावर विसंबू नये. त्या काळातील तारखेचा शिक्का तिकीट आणि पाकीट या दोहोंवर एकसलग उमटलेला असेल, तर त्या पाकिटाला मोल आहे.