कलेजीतली गाठ आणि दारातलं कुत्रं

जत, आटपाडी, माण, खटाव हा कमी पावसाचा आणि मेंढरांचा मुलूख. माडग्याळची मेंढी इथलीच. जत्रेला, जावळाला, घरच्या कार्याला बोकड पडतो तेव्हा कधी कधी कलेजीत पाण्याने भरलेली पांढुरकी गाठ निघते. कापणारा तेवढा भाग सुरीने काढतो आणि समोर बसलेल्या कुत्र्याकडे टाकतो. मुक्या जिवाच्या पोटात चार घास जावेत, एवढाच त्यामागचा भाव. पण हायडॅटिड नावाचा यकृताचा आजार याच सवयीवर जगतो, म्हणून याबद्दल स्पष्ट बोलायला हवं.

त्या गाठीत नुसतं पाणी नसतं. एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस या फीतकृमीची, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंताची, हजारो सूक्ष्म डोकी त्यात असू शकतात. कुत्र्याने गाठ खाल्ली की ती डोकी त्याच्या लहान आतड्याला चिकटतात आणि साधारण सहा-सात आठवड्यांत अंडी देणारे जंत तयार होतात. जंताची लांबी २ ते ७ मिलिमीटर. पोटात असे हजारो जंत घेऊन कुत्रं मजेत हिंडतं, शेपूट हलवतं. ते आजारी आहे अशी शंकाही येत नाही. त्याच्या विष्ठेतून अंडी गवतावर, मातीत, पाणवठ्यावर पडतात. मेंढी तिथे चरते आणि तिच्या यकृतात नवी गाठ धरते. मेंढीची गाठ कुत्र्याला खायला घालून हे नातं जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फॉन सीबोल्ड यांनी १८५३ मध्ये दाखवून दिलं होतं.

मटण खाल्ल्याने हा आजार होतो, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. माणसाला तो होतो कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी तोंडावाटे पोटात गेल्याने. कुत्रं स्वतःचं अंग चाटतं, अंडी केसांना लागतात, पोरं त्याच्या गळ्यात पडतात आणि त्याच हाताने भाकरी खातात. न धुतलेली कोथिंबीर, शेतातला मुळा, उघड्या डबक्याचं पाणी याही वाटा आहेत. ज्यांनी आयुष्यात मांसाला हात लावला नाही, अशा माळकऱ्याच्या यकृतातही ही गाठ होऊ शकते.

आतड्यात अंडं फुटलं की आतला जीव आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरतो. आतड्यातलं रक्त आधी यकृताकडे जातं, म्हणून दहापैकी सुमारे सात रुग्णांत गाठ यकृतात सापडते, त्याखालोखाल फुप्फुसात. ती इतकी सावकाश वाढते की वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही. मग उजव्या बरगडीखाली जडपणा येतो, दुखतं, कधी कावीळ होते. पुष्कळदा दुसऱ्याच कारणासाठी मिरजेला किंवा कराडला सोनोग्राफी केली जाते आणि गाठ अचानक दिसते. तोवर बालपणीचा तो कुत्रा मरूनही कितीतरी वर्षं झालेली असतात.

पोटावर मार बसून गाठ फुटली तर आतल्या पाण्याने जिवावर बेतणारी ॲलर्जी उसळू शकते, शिवाय पोटात जागोजागी नव्या गाठी रुजतात. म्हणूनच अशी गाठ चोळायची नाही, कुणाकडून दाबून घ्यायची नाही. उपचार गाठीच्या अवस्थेवर ठरतो: अल्बेंडाझोलच्या गोळ्या, सुईने पाणी काढून आत औषध सोडणं, शस्त्रक्रिया, आणि गाठ निर्जीव होऊन चुना धरलेली असेल तर नुसती देखरेखही पुरते.

यकृताला त्रास देणारे परजीवी आणखीही आहेत. दूषित पाण्यातून येणाऱ्या अमिबाने यकृतात चॉकलेटी पू साठतो. हे तरुण वयाच्या आणि दारू पिणाऱ्या पुरुषांत जास्त दिसतं, ताप आणि दुखणं जोरात असतं, वेळेवर औषध मिळालं तर रुग्ण बरा होतो. कृष्णा-वारणेकाठच्या ओल्या गवतातून जनावरांना होणारा पानासारखा चपटा यकृतकृमी हा मुख्यतः गुराढोरांचा रोग.

हायडॅटिडचं मात्र दुःख हे, की ते थोपवणं आपल्या हातात आहे. गाठीची कलेजी, फुप्फुस खोल पुरावं, जाळावं, निदान अर्धा तास उकळावं. कच्चं कुत्र्याला कधीच नको. कुत्र्याला पशुवैद्यकीय डॉक्टरांच्या सल्ल्याने प्राझिक्वांटेलची गोळी ठरावीक काळाने द्यावी. हे औषध जंत मारतं, अंडी मारत नाही, तेव्हा गोळीनंतरची विष्ठा पुरून टाकावी. मेंढरं घेऊन महिनोन् महिने रानोमाळ हिंडणाऱ्या धनगराला प्रत्येक वेळी दवाखाना गाठणं जमणार नाही. मेंढरांच्या लसीकरणाला जाणाऱ्या पथकानेच वाड्यावरच्या कुत्र्यांच्या गोळ्या सोबत न्याव्यात, ही माझी आग्रहाची मागणी आहे.

न्यूझीलंडने १९५९ मध्ये यासाठी कायदा केला, कुत्र्यांवर आणि कत्तलीवर लक्ष ठेवलं, आणि २००२ मध्ये देश या रोगातून तात्पुरता मुक्त झाल्याचं जाहीर केलं. चार दशकं लागली, कारण मेंढरांत आणि माणसांत जुन्या गाठी बराच काळ टिकतात.

तुमच्या घरात एकाला अशी गाठ निघाली असेल, तर बाकीच्यांच्या पोटाची सोनोग्राफी करण्याबद्दलही डॉक्टरांना विचारा. अंगणातलं कुत्रं सगळ्यांचंच असतं.