गच्चीचे जलरोधन, उष्ण कटिबंधातील

काँक्रीटच्या सपाट छतातून पावसाचे पाणी खाली झिरपू नये म्हणून स्लॅबवर जे थर चढवतात, त्यांस गच्चीचे जलरोधन किंवा रूढ भाषेत वॉटरप्रूफिंग म्हणतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः मुंबई, कोकण व गोवा या पट्ट्याविषयी आहे. येथे वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि पुढे हीच गच्ची उन्हात भाजत राहते. पद्धत निवडताना पावसाचा विचार सगळेच करतात. उन्हाचा मात्र बहुधा राहून जातो.

काँक्रीट दर अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे 0.01 मिमी प्रसरण पावते. म्हणजे 20 मीटर लांबीच्या स्लॅबचे तापमान 30 अंशांनी बदलले, तर लांबीत 6 मिमीचा फरक पडू पाहतो. मे महिन्यात तापलेल्या गच्चीवर वळवाची सर आली की पृष्ठभाग काही मिनिटांत थंड होतो. ताठ थर अशा वेळी तडकतो; लवचीक थर ताणून घेतो, पण उघडा राहिल्यास अतिनील किरणांनी कडक होत जातो. सगळी निवड या दोन अडचणींमधून वाट काढण्याची आहे.

त्याआधी ढाळ पाहावा. 100 ला 1 हा किमान ढाळ धरतात आणि मुसळधार पावसाच्या भागात तो याहून जास्त असलेला बरा. पाणी जिथे साचते तिथे महागातला लेपही अर्धामुर्धाच टिकतो.

जुन्या इमारतींवर चुन्याचा कोबा असे. चुना व विटांचे तुकडे यांचे मिश्रण थापीने दिवसेंदिवस चोपत आणि त्यावर गूळ, हिरडा, बेलफळ यांचे पाणी शिंपडत. या पद्धतीची भारतीय मानक संहिताही आहे (आय.एस. 3036). आज त्याची जागा ब्रिकबॅट कोब्याने घेतली आहे. स्लॅब घासून धुतात, पाइपांभोवतीच्या फटी भरतात, सिमेंटची स्लरी (पातळ घोळ) ओततात. मग जलरोधक मिसळलेल्या मसाल्यावर भिजवलेले विटांचे तुकडे ढाळात बसवून सांधे भरतात, वर सुमारे 20 मिमीचा थर घोटतात किंवा चायना मोझॅक (फुटक्या लाद्यांचे तुकडे) लावतात. कठड्याच्या कडेला वाटा, म्हणजे कोपऱ्याची गोलाई, काढून तो भिंतीवर सुमारे 300 मिमी चढवतात. कोबा ढाळ देतो, स्लॅबला उन्हापासून झाकतो आणि त्यावर वाळवणेही घालता येतात. स्थानिक गवंड्यांना तो हातचा आहे, हा मोठाच गुण.

दोष दोन. पहिला वजनाचा: सरासरी 100 मिमी जाडीचा कोबा चौरस मीटरला सुमारे 180 ते 200 किलो भरतो, वापरत्या गच्चीवर माणसांसाठी संकल्पनात धरतात तो भार साधारण 150 किलो. म्हणून गळका कोबा तसाच ठेवून त्यावर दुसरा चढवणे, ही सर्रास होणारी गोष्ट, स्लॅब तपासल्याशिवाय करूच नये. दुसरा दोष शोधाचा. एका भेगेतून शिरलेले पाणी विटांमध्ये पसरते आणि भलत्याच खोलीत ठिबकते, त्यामुळे खालचा ओला डाग पाहून वरची भेग सापडत नाही.

पर्यायांपैकी 3 ते 4 मिमी जाडीचे बिट्युमेनचे (डांबरी) मेम्ब्रेन, म्हणजे गुंडाळीतली चादर, प्रायमरवर (आधीच्या पातळ लेपावर) टॉर्चने, म्हणजे गॅसच्या ज्योतीने, चिकटवतात आणि पट्ट्या एकमेकींवर साधारण 100 मिमी चढवतात. उघडे ठेवायचे तर खनिज कणांचा किंवा ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग असलेले घ्यावे. एरवी वर कोबा किंवा लादी हवी. पॉलियुरेथेनचा द्रव लेप पाइप व कोपऱ्यांभोवती अखंड बसतो आणि चांगला ताणतो, पण त्याला कोरडा स्लॅब लागतो. ओलसर स्लॅबवर हे दोन्ही लावले तर ऑक्टोबरच्या उन्हात आतली वाफ फोड आणते. सिमेंट-पॉलिमर लेपाला ओलसर पृष्ठभाग चालतो, मात्र त्यावर संरक्षक थर द्यावा लागतो. पांढरा ॲक्रिलिक लेप खालची खोली थंड ठेवतो. साचलेल्या पाण्यात तो मऊ पडतो आणि काही वर्षांनी पुन्हा लावावा लागतो. स्फटिकी रसायने (भेगेत स्फटिक बनवून ती बुजवणारी) केसासारख्या, न हलणाऱ्या भेगांपुरतीच. हलणाऱ्या सांध्यावर ती वापरणे व्यर्थ आहे.

पत्र्याची शेड हा लोकांनी काढलेला तोडगा. ऊन व पाऊस दोन्ही अडतात, परंतु पालिकेची परवानगी आणि वाऱ्याला पुरेल अशी बांधणी लागते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले तेव्हा रायगड जिल्ह्यात असंख्य छपरांचे पत्रे उडाले.

काम दिवाळीनंतर सुरू करून एप्रिलअखेर संपवावे. मुंबईत मोसमी पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख 11 जून आहे. काम झाल्यावर पाणी जाण्याच्या पाइपांची तोंडे बंद करून 48 ते 72 तास पाणी भरून पाहतात. ढाळामुळे एका टोकाला खोली वाढते, म्हणून लहान बांधांची आळी करून टप्प्याटप्प्याने भरणे सुरक्षित. पाइपांची तोंडे, वाटे आणि प्रसरण सांधे यांवर या वेळी खास नजर ठेवावी, कारण गळती बहुधा तिथूनच सुरू होते.

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीच्या गळतीची दुरुस्ती, वरच्या मजल्यावरील सदनिकांच्या छताच्या गिलाव्यासह, संस्थेच्या खर्चाने होते. त्रास वरच्या मजल्याला आणि वर्गणी सर्वांची, त्यामुळे सभेत बहुधा सर्वांत स्वस्त निविदा मंजूर होते.