दोन मोटारींमधली फट

पुण्यात ‘गाडीवर जाऊन येतो’ म्हटलं की दुचाकीच समजायची. चारचाकीनं जायचं असेल तर माणूस ‘कार घेऊन जातो’ असं मुद्दाम सांगतो. सिग्नलला उभ्या मोटारींच्या मधून दुचाक्या पुढं सरकतात आणि त्यावरून रोज शिवीगाळ होते. या भांडणाची पाळंमुळं त्याच बोलीत सापडतात. इथले रस्ते आधी दोन चाकांच्या सवयीचे झाले, मोटारींची गर्दी बरीच नंतर आली.

स्कूटरच्याही आधी सायकल होती. पुणं सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं ते उगाच नाही. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जायचा. त्या गर्दीला रांग नव्हती. पाणी उतारावर जसं मिळेल तिथून वाट काढतं, तशी ती पुढं जायची. टांगा आडवा आला तर डावीकडून, बस थांबली तर उजवीकडून. दिवा नसणं आणि डबलसीट हे पोलिसांच्या लेखी गुन्हे होते, फटीतून जाणं हे कुणाच्या डोक्यातही गुन्हा म्हणून आलेलं नव्हतं.

मग १९७२ साल आलं. वेस्पा स्कूटर बनवणाऱ्या इटलीच्या पियाजिओबरोबरचा करार आदल्याच वर्षी संपला होता, आणि आकुर्डीच्या कारखान्यातून बजाजनं स्वतःच्या नावानं चेतक बाजारात आणली. त्याच साली कायनेटिकची पन्नास सीसीची लुना आली, तीही पुण्याचीच. चेतक मिळणं सोपं नव्हतं. उत्पादन किती करायचं हे सरकारी परवान्यावर ठरत होतं, त्यामुळं नोंदणी करून लोक वर्षानुवर्षं थांबायचे, काही जण तर दहा वर्षं. गाडी दारात यायची तेव्हा पेढे वाटले जायचे. पण चालवण्याची रीत नवीन नव्हती. सायकलवर जी वाट काढायची सवय लागली होती, तीच सवय स्कूटरवर बसली. चेतकला पुढं रुंद पत्रा होता, पाय त्याच्या आड असायचे. म्हणून हँडल गेलं की गाडी गेली, एवढा सोपा हिशेब होता. मोटारसायकलवाल्याचे गुडघे आणि लेग गार्ड दोन्ही बाजूंना बाहेर येतात, तिथं हा हिशेब चुकतो. आजही जुना स्कूटरवाला मोटारसायकल घेतो तेव्हा पहिले काही दिवस त्याच्या लेग गार्डला कुणाचा तरी बंपर लागतोच.

डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली. पुढं १९९१ नंतर परवान्यांची व्यवस्था गेली, बँका मोटारीसाठी कर्ज देऊ लागल्या, आणि ज्या घरात चेतक होती त्याच घराखाली मोटार उभी राहिली. इथं एक गोष्ट बारकाईनं पाहायला हवी, कारण तिच्याकडं सहसा कुणी लक्ष देत नाही. रस्त्याची एक लेन साधारण साडेतीन मीटरची धरतात. जुनी मारुती ८०० रुंदीला जेमतेम १.४ मीटर होती. शेजारशेजारच्या दोन लेनमध्ये अशा दोन मारुत्या मधोमध उभ्या असल्या, तर त्यांच्यात दोन मीटरहून जास्त जागा उरते. आजची मध्यम एसयूव्ही १.८ मीटरच्या आसपास असते. म्हणजे फट १.७ मीटरवर आली. त्यातून दोन्ही बाजूंचे आरसे आणखी फूटभर खातात. स्कूटरचं हँडल पाऊण मीटरच्या आतबाहेर असतं. गणित अजून जमतं, पण ते दोन्ही मोटारी लेनच्या बरोबर मधोमध उभ्या असल्या तरच. कर्वे रस्त्यावर संध्याकाळी सात वाजता तशा त्या कधीच नसतात.

आणि मधला तो पांढरा पट्टा! फटीतून जाणाऱ्याची चाकं नेमकी त्याच्यावरून जातात. पहिल्या पावसात तो साबणासारखा निसरडा होतो. समोरच्यानं अचानक दार उघडलं आणि दुचाकीवाल्यानं ब्रेक दाबला, तर चाक सरकतं.

कायद्याचं काय? १९८८चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ला लागू झाला, त्याच वर्षी रस्त्याचे नियमही आले. २०१७ साली त्यांच्या जागी नवे ड्रायव्हिंग नियम आले. लेन आखलेली असेल तर लेनमध्ये चालवा, बदलताना इशारा द्या, सर्वसाधारणपणे उजवीकडून ओव्हरटेक करा, असा या नियमांचा रोख आहे. २०१९च्या दुरुस्तीनं धोकादायक वाहन चालवण्याच्या व्याख्येत नियमबाह्य ओव्हरटेकिंगचा स्पष्ट उल्लेख आला, आणि पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजारांचा दंड ठरला. पण थांबलेल्या रांगेच्या मधून दुचाकीनं हळू पुढं जावं की नाही, जायचं तर किती वेगानं, याची वेगळी व्याख्या या सगळ्यात नाही. म्हणजे दिवसातून लाखो वेळा होणाऱ्या कृतीला कायद्यात नावच नाही. माझ्या मते भांडणाचं खरं कारण हेच आहे. दुचाकीवाल्याला वाटतं हा माझा हक्क, कारवाल्याला वाटतं ही घुसखोरी, आणि दोघांनाही दाखवायला कलम नाही.

रस्ते आखणाऱ्यांना मात्र हे वास्तव ठाऊक होतं. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९०च्या शहरी रस्त्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रत्येक वाहन किती मोटारींच्या बरोबरीचं धरायचं ते दिलं आहे. दुचाकी अर्धी धरली आहे, आणि वाहतुकीत तिचं प्रमाण दहा टक्के किंवा जास्त असेल तर पाऊण. दुचाकी मोटारींच्या मधली जागा वापरते, हे त्या आकड्यांमध्ये गृहीत आहे. वाहतूक संशोधनात तर या हालचालीला झिरपणं अशा अर्थाचाच शब्द आहे. सगळे दुचाकीवाले उद्या मोटारींच्या मागं एकेक करून रांगेत उभे राहिले, तर नळ स्टॉपची रांग कुठवर जाईल याची कल्पना करून पाहा. २०१८ साली पुण्यात नोंदवलेल्या वाहनांचा आकडा ३६ लाखांच्या पुढं गेला, शहराच्या लोकसंख्येहून जास्त, आणि त्यात सर्वाधिक वाटा दुचाकींचा होता. हे शहर झिरपण्यावरच चालतं.

मुंबईनं वेगळा मार्ग धरला. तिथले नवे मोठे रस्ते दुचाकीला बंदच ठेवले गेले. २००९चा वांद्रे-वरळी सागरी सेतू, २०१०पासून जे. जे. उड्डाणपूल, २०२४चा अटल सेतू. अपघातांचं कारण दिलं जातं आणि जे. जे.च्या पुलाबाबत ते खरंही होतं. पण परिणाम असा की दुचाकीवाला खालच्या, अरुंद, जास्त गर्दीच्या रस्त्यावर ढकलला गेला, जिथं फटीशिवाय वाट नाही. देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. ज्यांचा जीव सर्वांत स्वस्तात जातो त्यांनाच रस्त्यातून वगळायचं, हे मला पटत नाही.

फटीला नाव दिलं की काय होतं, हे कॅलिफोर्नियात दिसलं. तिथंही अनेक दशकं परवानगी नव्हती आणि बंदीही नव्हती. २०१३ साली तिथल्या महामार्ग पोलिसांनी कसं जावं याच्या सूचना लिहून काढल्या, २०१४ मध्ये एका तक्रारीमुळं त्या मागं घ्याव्या लागल्या. २०१५ साली बर्कली विद्यापीठाच्या अभ्यासात दिसलं की वाहतूक ताशी पन्नास मैल किंवा त्याहून हळू असेल, आणि मोटारसायकल तिच्यापेक्षा पंधरा मैलांहून जास्त वेगात नसेल, तर धोका फारसा वाढत नाही. उलट मागून धडक बसण्याचं प्रमाण कमी होतं. ऑगस्ट २०१६ मध्ये फटीतून जाण्याची व्याख्या करणारा कायदा झाला. त्याआधी, २०१२च्या तिथल्या सरकारी पाहणीत सात टक्के मोटारचालकांनी कबूल केलं होतं की फटीतून जाणाऱ्या मोटारसायकलला अडवायचा आपण प्रयत्न केला आहे. शंभरात सात. कबूल करणारे, बरं का.

आपल्याकडं अशी पाहणी कुणी केली तर काय निघेल, याचा अंदाज रोज चालवणाऱ्याला येतो. आरशात दुचाकी दिसली की मोटार वीतभर उजवीकडं सरकते. डिपर मारला जातो. काही जण काच खाली करून बोलतात. त्यांची चिडही समजून घेतली पाहिजे. हप्त्यावर घेतलेल्या गाडीवर हँडल घासून जातं आणि घासणारा थांबतही नाही, हे आठवड्याला घडतं. आरसा वळवून निघून गेलेला माणूस पुढच्या दहा दुचाकीवाल्यांसाठी शत्रू तयार करून जातो.

दोन वर्षांपूर्वी स्वारगेटजवळ सिग्नलला एका मोटारीच्या चालकानं माझ्यासमोर दार उघडलं. वेग नव्हता, म्हणून फक्त मूठ सोलवटली आणि ब्रेकची दांडी वाकली. त्यानं ते मुद्दाम केलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. मी हेल्मेट काढलं. तो साठीचा होता, माझ्या काकाच्या वयाचा. खाली उतरून त्यानं आधी दाराची कड बोटानं चाचपली, मग माझ्या हातावरचं रक्त पाहिलं आणि गाडीतून पाण्याची बाटली काढून माझ्या हातावर ओतली. मागून हॉर्न सुरू झाले होते. “मीपण वीस वर्षं चेतक चालवली आहे रे,” एवढंच म्हणाला, आणि दार ओढून घेतलं.