दात किडवणारा जंतू लॅबमध्ये कसा पकडतात

लहान मुलांचे दात किडले की सगळे चॉकलेटला शिव्या घालतात, पण त्या साखरेचं ॲसिड करणाऱ्यांत मुख्य नाव स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स, जो १९२४ साली क्लार्क नावाच्या संशोधकाने किडलेल्या दातांतून शोधून काढला. हा बॅक्टेरिया साखरेपासून चिकट थरही बनवतो आणि त्या थराखाली पीएच (ॲसिड किती ते सांगणारं माप, आकडा जितका कमी तितकं ॲसिड जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, विरघळायला लागतं. बाळाला तो बऱ्याचदा आईच्याच लाळेतून मिळतो.

शोधायचा कसा? दातावरचा प्लाक (तोच जंतूंचा चिकट थर) किंवा लाळ कापसाच्या काडीवर घ्यायची (मूल तोंड उघडेल तर क्षणाचं काम, नाहीतर देवच वाली) आणि एका खास जेलीच्या प्लेटवर पसरायची. त्या प्लेटमध्ये भरपूर साखर असते आणि बॅसिट्रॅसिन नावाचं अँटिबायोटिक. गंमत बघा, तोंडातले बाकीचे बरेच जंतू त्याने दबतात पण म्युटन्सवर त्याचा मुळातच फारसा परिणाम होत नाही, म्हणजे त्याचा रेझिस्टन्सच (औषधाला दाद न देणं) त्याला पकडून देतो. ३७ डिग्रीला दोनेक दिवस ठेवलं की दुधी काचेसारखे खरबरीत ठिपके दिसतात, मग खात्रीसाठी पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या भरपूर प्रती काढून तो ओळखायची टेस्ट) करून चिकट थर बनवणारा जीन आहे का ते बघतात.

पुढची टेस्ट औषधांची. जंतू पसरलेल्या प्लेटवर वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या छोट्या चकत्या ठेवतात, चकतीभोवती जिथे काहीच वाढलं नाही ते रिकामं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतात, वर्तुळ ठरलेल्या मापापेक्षा लहान आलं तर त्या औषधाला जंतू दाद देत नाही.

पण प्लेटवर मेला म्हणून दातावर मरेल असं नाही हं, कारण दातावर तो थरात दडलेला असतो, तिथे औषध नीट पोचत नाही आणि आतले बरेच जंतू सुस्त असतात. शिवाय म्युटन्स आजूबाजूचा डीएनए उचलून घेतो, त्यात रेझिस्टन्सचे जीन आले तर तेही याच्याकडे. म्हणून दात दुखला की घरात उरलेलं अँटिबायोटिक सिरप पाजायचं हे मला अजिबात पटत नाही, त्याने कीड थांबत नाही आणि कित्येक सिरपमध्ये साखरच असते!! चेहऱ्यावर सूज चढली, ताप आला तर गोष्ट वेगळी, तेव्हा डेंटिस्ट स्वतःच अँटिबायोटिक लिहून देतात, तरी त्या दाताची ट्रीटमेंट करावी किंवा तो काढावा लागतोच.